जनसुनावणीत खाडीचं पाणी कसं नोंदवायचं

खाडीकाठी एखाद्या प्रकल्पाची पर्यावरणविषयक जनसुनावणी लागली की वाडीवाडीत पहिली चर्चा होते ती माणसं किती न्यायची याची. पण या सुनावण्या ज्या नियमांनी चालतात त्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत सुनावणीला गणसंख्येची अटच नाही आणि तिथे मतदानही होत नाही. प्रकल्पाची छाननी करणाऱ्या दिल्ली-मुंबईच्या समितीपुढे जातं ते इतिवृत्त. ‘आमचा विरोध आहे’ हे त्यात एका ओळीत संपतं. पाण्याबद्दलचा नेमका प्रश्न मात्र प्रकल्पवाल्याच्या उत्तरासकट नोंदवावा लागतो.

नोटीस किमान ३० दिवस आधी दैनिकांत येते. प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला ठेवतात. मराठी सारांशावर थांबू नका, मूळ अहवालातली परिशिष्टं मागा. पाण्याचे नमुने कुठे आणि कधी घेतले ते बहुधा तिथेच सापडतं.

तारीख मिळाली की पंचांग काढा. नमुना उधाणाचा की भांगाचा? भरतीचा की ओहोटीचा? अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला समुद्राचं पाणी खाडीत पार वरपर्यंत चढतं आणि सांडपाणी पातळ होऊन जातं. अष्टमीच्या सुमाराला, भांगाला, पाण्याची ये-जा कमी असते, म्हणून तेच सांडपाणी जास्त वेळ घुटमळतं. फक्त उधाणाचे आकडे असतील तर चित्र खरं नाही, आणि हे खाडीत पाग (फेकायचं जाळं) टाकणाऱ्याइतकं नेमकं कोण सांगणार? त्याने माइकवर हेच सांगायला हवं.

ऋतूचंही तसंच. बहुतेक प्रकल्पांत पावसाळा सोडून एकाच ऋतूची मोजणी धरतात. डिसेंबरातली विहीर म्हणजे मे महिन्यातली विहीर नव्हे. एप्रिल-मेमध्ये काठापासून पाण्यापर्यंत दोरीने मोजा, पाणी मचूळ लागतं का ते लिहा, तारीख आणि गट क्रमांक टाका. दोन-तीन वर्षांची अशी वही असली तर तिला खोडणं अवघड असतं.

आणखी एक प्रश्न जरूर विचारा. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याला बीओडीची (त्यातली घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते, त्या मापाची) सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे, किनारी समुद्रात १००. मग आमची खाडी तुम्ही कशात धरली? बीओडी जितका जास्त तितका पाण्यातला प्राणवायू ओढला जातो, आणि कालवं-तिसऱ्यांना जागा सोडून पळता येत नाही.

म्हणणं लेखी, दोन प्रतींत द्या आणि पोचपावती घ्या. सभा उधळायच्या मोहात पडू नका. लोकांना मोकळेपणी बोलता येईल अशी परिस्थिती नाही, असा अहवाल गेला तर सुनावणीशिवायच पुढे जायचा निर्णय घेता येतो. म्हणजे मंडप मोडला तर आपलीच बोलायची जागा जाते. याचा मला फार त्रास होतो, कारण राग खरा असतो.

मंजुरी मिळालीच तर राष्ट्रीय हरित लवादाकडे अपिलाला ३० दिवस असतात. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०. पुण्याच्या खंडपीठापुढे आधार लागतो तो याच नोंदींचा. म्हणून शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवतात तेव्हा हजर राहा. वस्तीच्या एसटीसाठी सगळे उठून जाणार असतील तर प्रत्येक वाडीतल्या दोघांची परतायची सोय आधीच करून ठेवा. मुद्दा गाळलेला दिसला की तिथल्या तिथे उभं राहून तो घालून घ्या.