पाणी शिरत होतं मागून, साचत होतं पुढे

माझ्या छोट्या मालवाहू व्हॅनची प्लायवूडची फरशी मी तीनदा बसवली आणि तीनदा उचकटली. बाकी सगळं, म्हणजे भिंतींचं इन्सुलेशन, कप्पे, दिवे, छताला हवेचा झरोका, सुट्टीच्या सहा दिवसांत उरकलं होतं. फरशीखालच्या ओलीने मात्र माझे २३ दिवस खाल्ले. तो राग अजून गेलेला नाही, त्यामुळे कप्पे कसे केले हे वाचायला आलेल्यांची थोडी निराशा होईल.

तरी कप्प्यांचं चार ओळींत सांगून टाकतो. १२ मिलिमीटरचं प्लायवूड सगळीकडे वापरायचा मोह होतो, पण आठ बाय चारची एक शीट वीस-पंचवीस किलो भरते आणि हे सगळं वजन गाडीच्या माल वाहण्याच्या क्षमतेतूनच वजा होतं. म्हणून फरशीला १२, कप्प्यांना ९ आणि भिंतींना ४ मिलिमीटर. फरशी धरायला नवी भोकं पाडू नका. माल बांधायच्या कड्यांचे बोल्ट आधीच तिथे असतात, त्यांनीच ती आवळता येते. भोक पाडणं अगदीच भाग असेल तर आधी गाडीखाली वाकून बघा, कारण त्या पत्र्याच्या पलीकडे इंधनाची टाकी असते, ब्रेकचे पाइप असतात. आणि वाकून म्हणजे खरंच वाकून. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, स्टँड लावल्याशिवाय नाहीच.

फरशी बसवून नऊ दिवस झाले होते. बायको काहीतरी ठेवायला आत चढली आणि म्हणाली, "यात कुत्रं भिजलं होतं का रे?" मला वास येत नव्हता, किंवा येऊ द्यायचा नव्हता. ड्रायव्हरच्या सीटमागचा कोपरा दाबला तर प्लायवूडच्या कडेतून पाणी वर आलं.

पहिला संशय दवावर. थंड पत्र्याला आतली दमट हवा लागली की पाणी धरतं, हे खरंच आहे. बंद गाडीत एक माणूस रात्रभर झोपला तरी सकाळी छत ओलं असतं. पण दवाचं पाणी सगळीकडे थोडंथोडं दिसतं, एकाच कोपऱ्यात वाटीभर साचत नाही. शिवाय आठवडाभर गाडीत कोणी झोपलं नव्हतं आणि मधे दोनदा पाऊस झाला होता. एवढं समोर असूनही मी चार दिवस दवावरच काढले, कारण दव निघालं असतं तर चूक माझी ठरली नसती.

दुसरा संशय झरोक्यावर, कारण छताला ते चौकोनी भोक मीच कापलं होतं. कापलेली कड घासून, प्रायमर मारून, रंग देऊन मगच चौकट बसवली होती, तरी स्वतःच्या हातावर विश्वास कुठला! चौकट काढली, जुनं सीलंट, म्हणजे फट बुजवायचा चिकट लगदा, खरवडलं, नवं भरलं. इथे एक गोष्ट आठवली ती सांगतो. सिलिकॉन वापरायचं नाही. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते तर नाहीच, त्यातलं आम्ल उघड्या पत्र्याला गंज आणतं. आणि एकदा सिलिकॉन लागलं की त्यावर रंगही धरत नाही, दुसरं सीलंटही नीट चिकटत नाही. गाड्यांसाठीचं पॉलियुरेथेन घ्या. पण ते हवेतला ओलावा घेऊन वाळतं, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. जाड थर दिला असेल तर वरून कोरडं वाटलं तरी आत कच्चंच असतं. मी तीन दिवस थांबलो. तीन दिवस रिकामी गाडी बघत बसण्याइतकं वैतागवाणं काही नाही. चौथ्या दिवशी पाऊस आला आणि कोपरा पुन्हा ओला.

मग हार मानून एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या माणसाने मागची दारं दोनदा उघडून आपटली आणि रबर गेलंय म्हणून सांगितलं. मी म्हटलं, "अहो, पाणी तर पुढे साचतंय." तो म्हणाला, "पाणी कुठूनही येतं." वाक्य बरोबर होतं, निदान चुकीचं. दोन्ही दारांचं रबर बदललं. जुनं रबर धडधाकट होतं हे मला नंतर घरी तपासल्यावर कळलं. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर तिथे रबर दाबलं जात नाही, ओढताना अडली तर ठीक. जुनं रबर परत लावून पाहिलं तर पट्टी सगळीकडे अडत होती. नव्या रबराने फरक एवढाच पडला की दारं आता आपटल्याशिवाय लागत नाहीत.

तोवर माझं डोकं इतकं फिरलं होतं की प्रेशर वॉशर आणून गाडीवर चारी बाजूंनी मारला. तेही करू नका. तेवढ्या जोराने पाणी चांगल्या रबरातूनही आत जातं आणि गाडीला एकदम सहा गळत्या असल्यासारखं वाटतं. मला सहाच्या सहा सापडल्या. खऱ्यांपैकी एकही नाही.

शेवटी नीट पद्धतीने बसलो. फरशी काढली, भिंतींचं प्लायवूड काढलं, आतला पत्रा उघडा केला. साधा नळाचा पाइप, धार मंद, आणि सुरुवात खालून. आधी चाकांच्या वरचा भाग, मग दारांच्या खालच्या कडा, मग खिडक्या, सगळ्यात शेवटी छत. एकेका जागी दहा मिनिटं. वरून सुरू केलं तर ओघळ खालच्या सगळ्या जोडांवरून जातात आणि कोणता गळतो ते कळत नाही. बायको आत टॉर्च घेऊन बसली. दोन तास गेले आणि एक थेंबही आत आला नाही. "गाडी बरी झाली वाटतं," असं म्हणून ती उतरली.

त्या रात्री पाऊस पडला आणि कोपरा ओला.

दुसऱ्या दिवशी छताच्या आतल्या आडव्या पट्ट्यांवर आणि खांबांवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येकीवर शाईच्या पेनाने रेघ. बॉलपेन नको, शाईच हवी, म्हणजे थेंब जरी लागला तरी ती पसरते आणि कागद वाळल्यावरही खूण राहते. पुढच्या पावसानंतर बघितलं तर ड्रायव्हरमागच्या खांबावरची रेघ पसरलेली, तिच्या वरच्या आडव्या पट्टीवरची पसरलेली, आणि छताच्या मधोमध मागपर्यंत एकापाठोपाठ एक सगळ्या पसरलेल्या. झरोक्याभोवतीच्या चारही रेघा मात्र कोरड्या, नुकत्याच ओढल्यासारख्या. त्या चार रेघा बघून मला जितका आनंद झाला तितकाच ते तीन दिवस आठवून संतापही आला.

रांग संपत होती मागच्या दारांवरच्या तिसऱ्या ब्रेक लाइटपाशी. नळाने तासन्‌तास पाणी मारून जे दिसलं नाही ते पावसात का दिसावं? कारण धुताना मी गाडी अंगणात सपाट जागी घेत होतो आणि रोज उभी करत होतो उतारावर, तोंड खाली करून. सपाट जागी त्या दिव्यातून शिरलेलं पाणी मागच्या खांबातून उतरून खालच्या निचऱ्याच्या भोकातून गुपचूप बाहेर पडायचं. उतारावर तेच पाणी छताच्या पत्र्याला आतून चिकटून पुढे सरकायचं, सीटमागच्या आडव्या पट्टीला अडायचं आणि खांबातून खाली उतरायचं. म्हणून गळती शोधताना गाडी जशी उभी असते तशीच उभी करा. मला कोणी हे एक वाक्य आधी सांगितलं असतं तर रबराचे पैसे वाचले असते.

दिवा उघडला. त्याच्यामागचा स्पंजाचा गॅस्केट, म्हणजे दिवा आणि पत्रा यांच्यातली फट बंद करणारी गादी, एका बाजूला दुमडलेला, आणि दुमडलेल्या जागेतून एक बारीक काळी वायर आत गेलेली. रिव्हर्स कॅमेऱ्याची. सहा महिन्यांपूर्वी मीच घातलेली. भोक पाडून ग्रोमेट, म्हणजे वायरीभोवती भोकात बसणारं रबरी कडं, बसवायचा कंटाळा आला होता म्हणून दिव्याच्या कडेतून सारली होती.

दुरुस्तीला चाळीस मिनिटं लागली. नवा गॅस्केट, वायरीला वेगळं भोक, त्यात रबरी ग्रोमेट, आणि बाहेरच्या बाजूला वायरीला खाली लोंबता वळसा, म्हणजे ओघळ वळशाच्या तळाशी गळून जातो, वायरीवरून आत येत नाही. ड्रिलचा लोखंडी चुरा तेव्हाच्या तेव्हा चुंबकाने आणि व्हॅक्युमने उचलायचा, नाहीतर एका दमट रात्रीत रंगावर गंजाचे ठिपके धरतात. भोकाखाली पिशवी चिकटवून ड्रिल केलं तर तेवढंही करावं लागत नाही.

वाळवणं मात्र लांबलं. भिंतींना बंद छिद्रांचा फोम होता, तो पुसून परत लावला. फरशीखाली मी लोकरीसारखं इन्सुलेशन घातलं होतं, ते पिळून निघालं आणि फेकावं लागलं. पाणी पिणारी कोणतीही गोष्ट फरशीखाली नकोच. कोपऱ्यातला गंज तारेच्या ब्रशने घासून गंजरोधक प्रायमर आणि रंग दिला, पोकळ खांबांमध्ये मेणाचा फवारा मारला. दारांखालची निचऱ्याची भोकं फवाऱ्यानंतर तपासा, मेणाने बुजतात. माझी दोन आधीपासूनच चिखलाने बुजली होती.

आता फरशी तीन तुकड्यांत आहे, कडांना वॉर्निशचे तीन हात, कुठेही डिंक नाही. पुढचा तुकडा दोन बोल्ट काढले की उचलता येतो. गेल्या चार पावसांत गाडी त्याच उतारावर उभी होती आणि खांबावरच्या कागदाची रेघ जशीच्या तशी आहे.

रिव्हर्स कॅमेरा मात्र तीन महिन्यांपूर्वीच बंद पडलाय.