अर्लची बायको काउंटेस कशी?

ड्यूकची डचेस, बॅरनची बॅरोनेस. मग अर्लची बायको काउंटेस कशी? इंग्लंडात तर काउंट नावाचा उमराव कुणी नाहीच! हा प्रश्न नेहमी येतो. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

‘अर्ल’ हा जुना इंग्रजी शब्द, उत्तरेकडच्या ‘यार्ल’चा भाऊबंद. डेन्मार्कचा कनूट इंग्लंडचा राजा असताना (1016–1035) ‘एल्डरमन’ हा हुद्दा मागे पडला आणि मोठ्या प्रांतांचे कारभारी अर्ल म्हणवू लागले. हुद्दा पुरुषाचा, त्यामुळे त्याचं स्त्रीलिंगी रूप काही घडलं नाही. 1066 मध्ये फ्रान्सातून फ्रेंच बोलणारे नॉर्मन आले ते आपला काउंट घेऊन. त्याचं मूळ लॅटिन ‘कोमेस’, म्हणजे सोबत चालणारा. रोमन सम्राटांच्या विश्वासातल्या अधिकाऱ्यांना हे नाव असे. नॉर्मन दप्तरांत अर्लला ‘कोमेस’ आणि त्याच्या पत्नीला ‘कोमितिसा’ लिहू लागले. लोकांच्या तोंडी अर्ल टिकला, पण त्याच्या बायकोसाठी देशी किताब नव्हताच. ती जागा फ्रेंचमधून आलेल्या काउंटेसनं घेतली. नवरा इंग्रजी, बायको फ्रेंच! ‘काउंटी’ हा शब्दही याच कुळातला.

ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन अशी ही उतरंड आहे. लोक हटकून चुकतात ते संबोधनात. पाकिटावर ‘काउंटेस ऑफ अमुक’ लिहायचं, पण समोर बोलताना ‘लेडी अमुक’. हे अमुक म्हणजे किताबातलं नाव. ‘लेडी’पुढे बाईचं स्वतःचं नाव आलं, की ती बहुधा अर्लची किंवा त्याहून वरच्या उमरावाची मुलगी समजावी. 1975 मध्ये वडील अर्ल स्पेन्सर झाले, तेव्हा कुठे डायना ‘लेडी डायना’ झाली. तोवर ती नुसती ‘ऑनरेबल’ होती. घटस्फोटितेचं नाव आधी, मग स्वल्पविराम, मग किताब: ‘मेरी, काउंटेस ऑफ अमुक’. हा स्वल्पविराम गाळला की अर्थ बिघडतो.

नवऱ्यामुळे बायकोला किताब मिळतो, उलट मात्र होत नाही. लॉर्ड माउंटबॅटन यांच्या किताबाच्या सनदेत मुलींसाठी खास तरतूद होती, म्हणून 1979 मध्ये थोरली पॅट्रिशिया स्वतःच्या हक्कानं काउंटेस झाली. तिचा नवरा काही अर्ल झाला नाही. मुंबईचं ब्रेबर्न स्टेडियम ज्या गव्हर्नरांच्या नावाचं, त्यांचा तो मुलगा. बॅरन होता, बॅरनच राहिला.