जांभळी कडी

दुसऱ्यांनी परदेशातून मागवलेली ऑर्किड दिव्यांखाली रुजवून देणे हे माझे काम आहे, आणि ब्राझीलहून आलेल्या एका खोक्यातली दोन ‘कॅटलिया पुर्पुराटा’ अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत. खोके मुळातच नऊ दिवस उशिरा हाती आले. ही जाती पूर्वी ‘लेलिया’ म्हणून ओळखली जाई, 2008 मध्ये ती कॅटलियात गेली; साइट्सच्या (दुर्मीळ वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) परवान्यावर जुने नाव आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्रावर नवे, एवढ्यावरून तपासणीत खोके अडकले. दोन्ही नावे एकाच झाडाची आहेत हे कळायला विद्वत्ता लागत नाही, नामसूची उघडण्याची तसदी लागते.

अशी रोपे उघड्या मुळांनी येतात आणि जुनी मुळे बहुधा मेलेलीच असतात. चिमटीत धरून ओढले की वरचे पांढरे आवरण मोज्यासारखे निघून येते आणि आत नुसता दोरा उरतो. मालकांना वाटते की तहानलेले रोप लगेच कुंडीत लावून भरपूर पाणी द्यावे, पण ते पाणी पिणार कोण? कॅटलिया नवी मुळे काढते ती नव्या फुटव्याच्या बुडाशी आणि स्वतःच्याच वेळेला. शिवाय दक्षिण गोलार्धातल्या रोपाचे ऋतू उलटे असल्यामुळे ती वेळ इथल्या कॅलेंडरवरून ठरत नाही. तोवर मी रोप जाळीवर, मंद उजेडात, सत्तर टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत ठेवते आणि मुळांची हिरवी टोके दोन-चार मिलिमीटर दिसली की मगच सालीच्या तुकड्यांत पक्के बांधते, कारण हलणाऱ्या रोपाची ती टोके घासून मरतात.

पहिले रोप सुरकुतलेले होते. मागचे बल्ब, म्हणजे पाणी साठवणारे फुगीर दांडे, काढायला आडवे खोड कापले, तेव्हा छेदाच्या कडेने जांभळी कडी दिसली. ही फ्युझेरियम या बुरशीची खूण. तिच्यावर औषध चालत नाही, सुरीच चालते. पात्यावरून रोग पसरू नये म्हणून प्रत्येक कापाआधी ते ज्योतीवर धरत मी पुढे सरकत गेले. कडी बारीक होत गेली आणि छेद स्वच्छ पांढरा आला तेव्हा सहापैकी दोनच बल्ब उरले होते.

दुसरे रोप टवटवीत होते. जाड पाने, बुडाशी टपोरा फुगलेला डोळा. “ताई, याला कशाला सुरी लावता?” असे शेजारी उभे असलेले मालक म्हणाले आणि मलाही ते मनापासून पटले. मी त्याची फक्त मेलेली मुळे छाटली.

दोन बल्बांच्या त्या तुकड्याने तेराव्या आठवड्यात तीन मुळे काढली. टवटवीत रोपाचा फुटवा वीतभर झाला, मग पिवळा पडून मऊ झाला. खोड कापले तर टोकापासून टोकापर्यंत जांभळे.

माझा एक सहकारी कात्री स्पिरिटात बुचकळून काम झाले असे मानतो आणि त्यावरून मी त्याला अनेकदा बोलले आहे. त्या दिवशी दोन रोपांच्या मध्ये मी पाते नीट तापवले होते, की मालकांशी बोलता बोलता ज्योतीवरून नुसते फिरवले, हे कितीही आठवले तरी आठवत नाही. रोग रोपाबरोबरच आला असण्याची शक्यता जास्त आहे. पण सुरुवातीलाच एक छेद घेतला असता तर तेवढे तरी कळले असते. मालक सर्वांना सांगतात की तपासणीतल्या त्या नऊ दिवसांनी रोप मारले. मी त्यांचे म्हणणे अजून खोडलेले नाही.