कबड्डीच्या फलकावरचा 'टेको'

आमच्या मंडळाच्या कबड्डी स्पर्धेचा आठ फुटी फ्लेक्स तयार करण्यात आज अख्खी दुपार गेली. त्यासाठी मी 'टेको' हा टाइप, म्हणजे संगणकावरचा फॉन्ट, निवडला. इंडियन टाइप फाउंड्रीसाठी मानुषी पारीख यांनी 2014 मध्ये तो रचला. देवनागरी आणि रोमन या दोन्ही लिप्यांत पाच वजनांत, म्हणजे रेघांच्या पाच जाडींत, तो विनामूल्य मिळतो.

'कबड्डी' हा शब्द त्याच्या ठळक वजनात लावला, तेव्हा एरवी गोल गरगरीत दिसणारे 'ब'चे पोट चौकटीत बसवल्यासारखे झाले आणि शिरोरेषेखाली सगळी अक्षरे खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या बचावपटूंसारखी दिसू लागली. रेघांची जाडी जवळपास सारखीच असल्याने, बोरूने काढलेल्या अक्षरातला जाड-बारीकपणा इथे शोधूनही सापडत नाही. मला तो नेहमी हवाहवासा वाटतो, पण मैदानावरच्या फलकाला हा दणकटपणाच शोभतो.

चूक माझीच झाली. उत्साहाच्या भरात नियमावलीही मी त्याच ठळक वजनात, बारीक आकारात लावली आणि 'ब'च्या पोटातली तिरपी रेघ शाईने बुजून गेली, तेव्हा तो मजकूर मुकाट्याने 'मुक्ता' या दुसऱ्या टाइपमध्ये घेतला. छपाईवाल्याच्या संगणकावर टेको नसल्यामुळे मात्रा विस्कटल्या, म्हणून सगळी अक्षरे आकृतीत रूपांतरित करून फाइल पुन्हा पाठवली. फ्लेक्स उद्या सकाळी टांगणार आहोत.