प्रसरणाचा आलेख आणि ग्लेझवरची जाळी

भट्टीतून निर्दोष निघालेल्या कपावर काही आठवड्यांनी केसासारख्या बारीक भेगांची जाळी उमटली, की बहुतेक जण भट्टीला बोल लावतात. माझा पहिला संशय मात्र माती आणि ग्लेझ, म्हणजे तिच्यावरचा काचेचा थर, यांच्या प्रसरणातल्या तफावतीवर जातो, आणि त्याची शहानिशा डायलॅटोमीटरवर, म्हणजे तापवताना वस्तूची लांबी किती बदलते ते मोजणाऱ्या उपकरणावर, करता येते.

सुमारे 50 मिलिमीटर लांबीची भाजलेली कांडी, दोन्ही टोके समांतर घासून, वितळवून घडवलेल्या सिलिकाच्या नळीत ठेवली जाते. ही सिलिका स्वतः जवळजवळ प्रसरण पावत नाही, म्हणून तिचीच नळी, आणि कांडीला टेकून तिच्या लांबीतला बदल बाहेर पोचवणारा दांडाही तिचाच. तापमान मिनिटाला साधारण 5 अंशांनी वाढवत नेले, की कांडीची लांबी कशी बदलते याचा आलेख उमटू लागतो. 573 अंशांजवळ तो एकदम वर झेपावला, तर मातीत मोकळे क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूपातली सिलिका, आहे; 220च्या आसपास उचल दिसली, तर क्रिस्टोबलाइट, म्हणजे सिलिकेचेच दुसरे स्फटिकरूप, तयार झाले आहे. ग्लेझच्या कांडीचा आलेख आधी तीव्र चढतो आणि मग घसरतो, कारण मऊ झालेली कांडी दांड्याच्या दाबाखाली दबू लागते.

अहवालातला एकच सरासरी प्रसरणांक पाहून निर्णय घेण्याची सवय मला धोक्याची वाटते. तो 400 अंशांपर्यंतचा आहे की 600पर्यंतचा, हे न पाहता दोन आकडे शेजारी मांडण्याला काही अर्थ नाही. काच दाब पुष्कळ सोसते, ताण (ओढ) फार थोडा. म्हणून थंड होताना माती ग्लेझपेक्षा किंचित अधिक आकसायला हवी. मातीचा प्रसरणांक अंशाला दशलक्षांश 7.5 आणि ग्लेझचा 6.5 असेल, तर 600 अंश उतरताना 100 मिलिमीटर लांबीत जेमतेम 0.06 मिलिमीटरचा फरक पडतो, आणि ग्लेझवरचा दाब तेवढ्यातूनच येतो. हा दाब फाजील झाला, तर कडांवरून आणि कानावरून ग्लेझचे धारदार कपचे उडतात. खाण्यापिण्याच्या भांड्यात ते जाळीपेक्षा वाईट.

डायलॅटोमीटरला एक गोष्ट मुळीच दिसत नाही. सच्छिद्र माती हवेतला ओलावा शोषून हळूहळू फुगते, ग्लेझवरच्या दाबाच्या जागी ताण येतो आणि भेगा उशिरा पडतात. त्यासाठी ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखाली वाफ कोंडणारे बंद पात्र, लागतो: टाइल्सच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार 500 किलोपास्कल दाबाच्या वाफेत दोन तास, आणि नंतर भेगा उठून दिसाव्यात म्हणून मेथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाचे द्रावण. लहान स्टुडिओत तापवलेले भांडे थंड पाण्यात बुडवण्याची चाचणी केली जाते. ती उपयोगी आहे, पण ओलाव्याच्या फुगवट्याबद्दल ती काहीच सांगत नाही.

जाळी येत असेल, तर ग्लेझमधला सोडा आणि पोटॅश कमी करून सिलिका वाढवावी. गंमत अशी, की सिलिका मातीत घातली तरी जाळी कमी होते, पण उलट वाटेने: ग्लेझमध्ये ती वितळून प्रसरण घटवते, तर मातीत क्वार्ट्झ म्हणून शिल्लक राहून ते वाढवते.