पुणे ते पंढरपूर रोडबाईकवर, आणि त्याआधीची टायरची शोधाशोध

फलटण सोडलं की नातेपुते-माळशिरसकडचा पट्टा बराचसा कोरडा, दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ आणि रस्त्याच्या कडेच्या मातीत सराटे, त्यामुळे पालखी मार्गाने सायकलवर पंढरपूरला जायचं पक्कं झाल्यावर बाकी सगळं बाजूला ठेवून मी आधी टायर बघायला घेतले. सायकलवरचे २५ मिलिमीटर रुंदीचे टायर मधोमध घासून चपटे झाले होते. बजेट दोन्ही मिळून साडेतीन हजार, त्यावर नाही.

नाना पेठेतली दुकानं फिरलो, ऑनलाइन भाव बघितले, ग्रुपवरच्या मंडळींना विचारून विचारून भंडावून सोडलं. बहुतेक जण डोळे झाकून कॉन्टिनेंटलचा गेटरस्किन सांगतात आणि टायर चांगलाच आहे, ट्रेडखाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पट्टा आहे, साइडवॉललाही, म्हणजे बाजूच्या भिंतीलाही जाळी आहे, पण जोडी घ्यायची म्हटली की माझं गणित तिथेच संपत होतं. दुसरं टोक म्हणजे श्वाल्बेचा मॅरेथॉन प्लस, आत ५ मिलिमीटर जाडीचा रबरी थर, काटा ट्यूबपर्यंत पोचणं मुश्किल, पण एकेक टायर पाऊण किलोच्या घरात जातो आणि रोडबाईकला तो घातला की सायकल ओढत नेल्यासारखं वाटतं. शिवाय जुन्या रिमब्रेकच्या (चाकाच्या कड्याला दाबणाऱ्या ब्रेकच्या) सायकलीत तो बसेलच असंही नाही.

या फिरण्यात एक गोष्ट नीट कळली ती सांगतो, कारण दुकानात ती कुणी सांगत नाही. केवलारचा, म्हणजे चिवट कृत्रिम धाग्यांचा पट्टा काचेला चांगला अडवतो, काच कापत कापत आत शिरते आणि ते धागे सहजी कापले जात नाहीत. बाभळीचा काटा किंवा फुटलेल्या ट्रकटायरमधली केसासारखी तार मात्र धाग्यांच्या मधून सरळ घुसते, तिला अडवायला रबराची जाडीच लागते. म्हणजे आपल्याकडच्या रस्त्यांवर नुसतं 'पंक्चर प्रोटेक्शन' छापलेलं वाचून भागत नाही, टायर हातात घेऊन अंगठ्याने मधला भाग दाबून बघायचा, जाड लागला पाहिजे. टीपीआयचा, म्हणजे एका इंचात किती धागे त्याचा आकडा पण बघा, ६० च्या आसपासचे टायर थोडे जड आणि राठ असतात पण स्वस्त आणि दणकट, १२० वाले मऊ पळतात आणि महाग. आपल्याला लांब जायचंय, शर्यत जिंकायची नाहीये.

शेवटी श्वाल्बे लुगानो घेतले, ७०० बाय २८, म्हणजे २८ मिलिमीटर रुंदीचे, कडेत तार असल्याने घडी न होणारे, आत के-गार्ड नावाचा केवलारचा पट्टा. २८ बसतील का हे आधी तपासलं, ब्रेक आणि फोर्कखाली चार मिलिमीटर तरी मोकळी जागा पाहिजे, नाहीतर चिखल अडकतो. जोडी बजेटमध्ये बसली आणि उरलेल्या पैशात दोन ट्यूब आणि प्रेस्टा व्हॉल्व्हचा पितळी अडॅप्टर आला. तो अडॅप्टर विसरू नका, गावातल्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो पण आपल्या बारीक व्हॉल्व्हला त्याची नळी लागत नाही.

पहाटे हडपसरहून मित्रासोबत निघालो. दिवे घाटात रुंदीकरणाची खडी पसरलेली, तिथे २८ चा फरक लगेच जाणवला, हवेचा दाब मागे ८० आणि पुढे ७५ पीएसआय ठेवला होता, हाताला दणके कमी. सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद असं करत तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबापाशी थांबलो, माउलींच्या पालखीतलं पहिलं उभं रिंगण इथेच होतं. त्या दिवशी तिथे चिटपाखरू नव्हतं आणि तरी मन भरून आलं. मुक्काम फलटणला.

दुसऱ्या दिवशी नातेपुत्याच्या पुढे मित्राचं मागचं चाक बसलं. त्याच्याकडे २५ चे हलके रेसिंग टायर. ट्यूब बदलली, दहा मिनिटांत परत फुस्स. मग एका पंक्चरच्या टपरीवर गेलो, तिथल्या काकांनी ट्यूब पाण्यात धरली, भोक सापडलं, पण टायरमध्ये बोट फिरवून काहीच लागेना. आमचे टायर बसवताना आम्ही लोगो नेहमी व्हॉल्व्हच्या समोर ठेवतो, त्यामुळे ट्यूबवरचं भोक टायरवर नेमकं कुठे येतं ते मोजता आलं, आणि काकांनी शेजारच्या दुकानातून वातींचा कापूस मागवून तो तेवढ्याच भागात आतून फिरवला. कापसाचा एक तंतू अडकला. तिथे तार होती, दोन-तीन मिलिमीटरची, डोळ्याला दिसतही नव्हती, नखाच्या चिमट्याने काढली. काका म्हणाले, "माउली, तार निघाल्याशिवाय कितीबी ट्यूबा बदला, उपेग न्हाई. आन् चहाला थांबला तर सायकल बाभळीखाली लावू नका, निम्मी पंक्चरं तिथंच हुत्यात."

हे शंभर टक्के खरं आहे. डांबरावर काटे कमी असतात, सावली बघून आपण कडेला उतरतो तेव्हाच ते लागतात. त्यानंतर आम्ही प्रत्येक थांब्याला सायकल उचलून रस्त्यावर आणायचो आणि चाक फिरवत तळव्याने टायर पुसायचो. माझ्या मागच्या टायरमधून वेळापूरला एक सराटा निघाला, रबरात अर्धा रुतलेला, आतपर्यंत पोचला नव्हता.

पुढे उसाच्या ट्रॉल्यांच्या मागेमागे धूळ खात चारच्या सुमारास पंढरपूर. कळसाचं दर्शन लांबूनच घेतलं, रांग मोठी होती.

कोणी याच बजेटमध्ये घेणार असेल तर माझं मत असं की सगळे पैसे एका महागड्या टायरवर घालवून दुसरा जुनाच ठेवू नका. पैसे एकाचेच असतील तर नवा टायर पुढे लावा आणि पुढचा मागे घ्या, मागचा लवकर झिजतो आणि पंक्चर पण तोच जास्त होतो, पण उतारावर पुढचा फुटला तर सावरता येत नाही. आणि आतून लावायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या घेणार असाल तर त्यांची टोकं आधी पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर तीच टोकं घासून घासून ट्यूबला भोक पाडतात.