तुम्ही विचारलंत म्हणून: ‘रमन राघव २.०’ किती खरा?

अनुराग कश्यपच्या ‘रमन राघव २.०’चा (२०१६) विषय निघाला की पुढचा प्रश्न ठरलेला: हे सगळं खरंच घडलं होतं का? याचं उत्तर सिनेमा सुरुवातीच्या पाट्यांमध्येच देऊन टाकतो. साठच्या दशकात मुंबईत रमन राघव नावाचा खुनी होऊन गेला, पण हा सिनेमा त्याच्यावर नाही. बरेच जण ही पाटी गंमत समजून सोडून देतात. ती गंमत नाही.

खरा रमन राघव रात्री फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांवर हल्ला करायचा. डोक्यात जड लोखंडी वस्तूचा घाव घालायचा, बस. १९६५-६६ मध्ये पूर्व उपनगरांत रेल्वेमार्गाच्या आसपास १९ जणांवर असे हल्ले झाले आणि त्यांतले ९ जण दगावले. तो तेव्हा संशयित म्हणून पोलिसांच्या हाती लागलाही होता, पण पुराव्याअभावी सोडावं लागलं. १९६८ मध्ये उपनगरांत तसेच खून पुन्हा सुरू झाले, तपास पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींकडे आला आणि ऑगस्टमध्ये सब-इन्स्पेक्टर ॲलेक्स फियाल्हो यांनी जुन्या नोंदीतल्या फोटोवरून त्याला ओळखलं. बोटांच्या ठशांनी खात्री पटली. झडतीत काय निघालं? चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. असला ऐवज कुठल्याही पटकथालेखकाला सुचणार नाही. मग कोंबडी खायला मिळेपर्यंत गडी तोंड उघडेना. ती मिळाली आणि हळूहळू ४१ खुनांची कबुली बाहेर आली.

आता हे पडद्यावर आणायचं तर पहिली अडचण अशी की झोपलेल्या माणसाला मारण्यात थरार नाही. प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो तो बळी जागा असला, दार आतून बंद असलं आणि खुनी निवांत गप्पा मारत बसला की. म्हणून कश्यप आणि सहलेखक वासन बाला यांनी सिनेमातल्या खुन्याला, म्हणजे रमन्नाला, फुटपाथवरून उचलून लोकांच्या घरात आणलं. दुसरी अडचण पैशाची होती. गोष्ट आधी साठच्याच दशकात घडणार होती, पण जुनी मुंबई उभी करायची तर गाड्या, पाट्या, कपडे, दिवे सगळंच बदलावं लागतं. तेवढं बजेट नव्हतं, म्हणून आजची मुंबई. माझ्या मते या अडचणीने सिनेमाचं भलंच केलं.

सिनेमा प्रकरणांत विभागलाय, त्यातलं रमन्नाच्या बहिणीचं प्रकरण नीट बघा. खोली एवढीशी, त्यात बहीण, तिचा नवरा, लहान मुलगा आणि न बोलावता आलेला भाऊ. रमन्ना झालेला नवाजुद्दीन सिद्दीकी आवाज फारसा चढवत नाही, पाहुण्यासारखा हक्काने वागतो. बहीण झालेल्या अमृता सुभाषच्या चेहऱ्यावर मात्र पहिल्या क्षणापासून जुनी ओळख दिसते. नवऱ्याला जे माहीत नाही ते तिला माहीत आहे, आणि सगळा ताण तिथून येतो. प्रत्यक्ष मारणं बरंचसं चौकटीबाहेर ठेवलंय. रक्त कमी दिसतं म्हणून घरात मुलं जागी असताना लावायच्या फंदात पडू नका, कारण ऐकू सगळं येतं.

खऱ्या प्रकरणातून सिनेमाने उचललेली सर्वांत चांगली गोष्ट खुनाची नाहीच. सुरुवातीला रमन्ना स्वतः कबुली द्यायला येतो आणि पोलीस त्याला वेड्यात काढतात. हातात आलेला माणूस निसटणं हे १९६५-६६ मध्येही झालं होतं, फक्त कारण वेगळं.

सिनेमा सर्वांत लांब जातो तो खुन्याच्या डोक्यात शिरताना. खटल्यानंतर तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ रमन राघवशी पाच वेळा, दर वेळी दोन तास बोललं. देशात अकबराचं, ब्रिटिशांचं आणि काँग्रेसचं अशी तीन सरकारं असून ती आपल्या मागे लागली आहेत, आपण स्वतः ‘कानून’चे प्रतिनिधी आहोत, अशी त्याची पक्की समजूत होती. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी हात पुढे केला, तर या पापी जगातल्या माणसांना आपण शिवत नाही म्हणून त्याने तो हातात घेतला नाही. निदान जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं होतं, म्हणजे कुणीतरी आपल्या मागावर आहे असे भ्रम होणारा मानसिक आजार. सिनेमातला रमन्नाही देवाचा माणूस असल्यासारखा बोलतो, पण त्याचं बोलणं वकिलासारखं मुद्देसूद आहे. संवादाला ते सोयीचं पडतं, आजाराशी मात्र त्याचा संबंध उरत नाही. तेव्हा स्किझोफ्रेनिया समजून घ्यायला हा सिनेमा लावू नका. तो आजार असलेली बहुतेक माणसं कुणाच्या वाटेलाही जात नाहीत.

फसतो कुठे विचाराल, तर पोलिसाच्या बाजूला. विकी कौशलचा राघवन हा नावाचा उरलेला अर्धा भाग, रमन्नाचा जोडीदार. कल्पना झकास आहे. पण त्याची नशा आणि बापाचा धाक ही कारणं इतक्यांदा पुढे येतात की माणसाऐवजी त्याची फाइल वाचल्यासारखं वाटायला लागतं. रमन्नाबद्दल असं काही समजावून सांगितलेलं नाही, म्हणून त्याची भीती टिकते. त्यात प्रकरणांच्या पाट्या पुढे काय येणार ते आधीच सुचवतात.

खरा रमन राघव फाशी गेला नाही. आजारामुळे शिक्षा जन्मठेपेवर आली आणि १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने तो गेला. त्याची गोष्ट पडद्यावर बघायची असेल तर श्रीराम राघवनने १९९१ मध्ये रघुवीर यादवला घेऊन केलेली ‘रमन राघव’ शोधा आणि ती आधी बघा, म्हणजे कश्यपने काय ठेवलं आणि काय टाकलं ते आपसूक कळेल.